शाळेच्या मैदानास कुलूप कां?

सायंकाळीं सहाच्या सुमारास शहरांतील कोणत्याही पेठेंतून फेरफटका मारावा. शाळेचें फाटक बंद, आंत मैदान ओस, आणि फाटकाबाहेर भर रस्त्यांत विटांचे स्टंप मांडून दहा-बारा मुलें खेळत आहेत, हें दृश्य हटकून दिसतें. चेंडू दुकानाच्या काचेवर आदळतो, दुकानदार ओरडतो, मुलें पांगतात. आम्ही या तंट्यांत मुलांस किंवा दुकानदारास दोष देत नाहीं. आमची तक्रार त्या कुलुपाविरुद्ध आहे.

पांच ते सतरा वर्षांच्या मुलांनीं रोज सरासरी ६० मिनिटें धाप लागेल इतपत अंगमेहनत करावी, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलें. तिच्याच तज्ज्ञांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या १४६ देशांच्या पाहणीप्रमाणें, २०१६ सालीं अकरा ते सतरा वयाच्या शंभर मुलांपैकीं ८१ जणांस एवढी मेहनत घडत नव्हती. मुलींत तर हा आंकडा ८५ होता. शाळेंतील कवायतीचे आठवड्याचे दोन-तीन तास ही तूट कशी भरून काढणार? त्यांतलाही निम्मा वेळ रांगा लावण्यांत जातो, आणि परीक्षा जवळ आली कीं तो तास गणिताच्या मास्तरांकडे जातो!

आमच्या वाडवडिलांस ही अडचण नव्हती. तालीम पहांटे व दिवेलागणीस उघडी असे. दिवसभर कोणी शाळेंत असो वा पेढीवर. पुढें अमरावतीस १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलें, ज्याच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन येथें देशी व्यायामाचीं प्रात्यक्षिकें केलीं. पुण्यास १९२४ सालीं कॅप्टन शिवरामपंत दामले यांनीं महाराष्ट्रीय मंडळ स्थापिलें. हीं कामें पारतंत्र्यांत, वर्गणीच्या पैशावर उभीं राहिलीं. आज बांधलेलें मैदान तयार असतां तें संध्याकाळीं वापरावयाचें आम्हांस सुचूं नये, हें आश्चर्य होय.

कायद्याचें म्हणाल, तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टांत शाळेस क्रीडांगण हवें असें लिहिलेलें आहे, आणि २०२३ सालीं हरियाणांतील एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानेंही मैदानावांचून शाळा असूं शकत नाहीं असें बजावलें. मात्र शाळा सुटल्यावर तें उघडें ठेवा, असें कायदा कोठें म्हणत नाहीं. तेवढें काम नागरिकांचें आहे.

चालक म्हणतात, एखाद्याचा हात मोडला तर जबाबदार कोण? वकिलीच्या अनुभवावरून आम्ही सांगतों कीं, जबाबदारीचा प्रश्न मुख्यतः वाजवी काळजी घेतली कीं नाहीं यावर ठरतो. शिक्षक हजर, प्रथमोपचाराची पेटी जवळ, पालकांची लेखी संमति दप्तरीं, एवढी तजवीज असली म्हणजे चालकांनीं घाबरण्याचें फारसें कारण उरत नाहीं. अभ्यास बुडेल ही पालकांची भीति आहे. पण सायंकाळचा तो तास आज अभ्यासास मिळतो कीं मोबाइलास, हें त्यांनीं आपल्याच घरीं पाहावें.

मुलींची गोष्ट याहून गंभीर आहे. मैदान बंद झालें तर मुलास निदान रस्ता तरी असतो. मुलगी सरळ घरीं जाते, आणि बारा-तेरा वर्षांची झाल्यावर तिचें धांवणें कायमचें थांबतें. तिच्यासाठीं स्त्री-शिक्षिका, पुरेसा दिवा व स्वच्छ शौचकूप पाहिजे. नाहीं तर मैदान सर्वांस खुलें आहे ही पाटी खोटी.

खर्च तो किती? खोखो, लंगडी, लेझीम यांस मोठें सामान लागत नाहीं. एका शिक्षकाचें मानधन आणि दिव्याचें बिल, एवढाच काय तो बोजा. गणेशोत्सवाच्या मांडवास मोकळ्या हातानें वर्गणी देणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंस तो जड जाऊं नये. शिवाय काचाही वांचतील.

विनाअनुदानित खासगी शाळा सोडल्यास इतर शाळांच्या व्यवस्थापन समितींत त्याच कायद्याच्या २१ व्या कलमान्वयें तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. त्यांनीं येत्या सभेंत फाटकाची किल्ली संध्याकाळीं कोणाकडे असते एवढें विचारावें, आणि आठवड्यांतून निदान तीन दिवस मैदान उघडण्याचा ठराव तेथेंच मांडावा.