गाडीचे ‘पासिंग’ म्हणजे नेमके काय? चाचणी कुठे होते, केंद्र कसे शोधायचे?

रिक्षा, टेम्पो, ट्रक किंवा स्कूलबस चालवणाऱ्यांच्या तोंडी ‘पासिंग’ हा शब्द कायम असतो. ‘या महिन्यात गाडी पासिंगला न्यायची आहे’ असे ते म्हणतात, तेव्हा त्यांचा रोख असतो तो वाहनाच्या योग्यता प्रमाणपत्राच्या, म्हणजेच फिटनेस सर्टिफिकेटच्या नूतनीकरणाकडे. हा कागद नसेल तर धंद्याची गाडी रस्त्यावर आणता येत नाही. तो आहे की नाही, याचा संबंध गाडीमालकाइतकाच त्या गाडीत बसणाऱ्या प्रवाशांशी आणि शाळकरी मुलांशीही आहे. तरीही ही चाचणी कोणाला लागते, तिच्यात काय तपासतात आणि गाडी न्यायची कुठे, याबद्दल बराच गोंधळ आढळतो.

ही चाचणी कोणत्या गाड्यांना लागते?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५६ नुसार प्रत्येक परिवहन वाहनाकडे वैध योग्यता प्रमाणपत्र असणे बंधनकारक आहे. परिवहन वाहन म्हणजे भाड्याने प्रवासी नेणारी रिक्षा, टॅक्सी आणि बस, मालवाहू टेम्पो आणि ट्रक, शाळा-महाविद्यालयांच्या बसगाड्या, तसेच कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांची ने-आण करण्यासाठी ठेवलेली वाहने. प्रमाणपत्राची मुदत संपली की कायद्याच्या दृष्टीने अशा गाडीची नोंदणीच वैध राहत नाही. आरसी बुक खिशात असले तरी त्याचा उपयोग होत नाही.

घरगुती वापराच्या मोटारी आणि दुचाकींचा नियम वेगळा आहे. त्यांना दरवर्षी चाचणी द्यावी लागत नाही. नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडीची तपासणी होऊन नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. म्हणजे पांढऱ्या पाटीच्या गाडीचा मालक हे प्रमाणपत्र पहिल्यांदा पाहतो, तेव्हा गाडी १५ वर्षांची झालेली असते. दरवर्षी लागणारे पीयूसी ही मात्र निराळी गोष्ट आहे. त्यात फक्त धूर तपासतात. ब्रेक, टायर किंवा स्टिअरिंगशी त्याचा काही संबंध नसतो. पीयूसी आहे म्हणजे गाडी ‘फिट’ आहे, हा समज चुकीचा आहे.

दरवर्षी की दोन वर्षांनी?

पूर्वी नव्या गाडीची पहिली दोन वर्षे सोडली तर परिवहन वाहनांना दरवर्षी पासिंग करावे लागत असे. २०१८ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. आता गाडी आठ वर्षांची होईपर्यंत प्रमाणपत्र दोन वर्षांसाठी मिळते आणि आठ वर्षांनंतर ते दरवर्षी घ्यावे लागते. रस्त्यावर जुन्या टेम्पो-ट्रकची संख्या मोठी असल्याने अनेक मालकांसाठी पासिंग हा आजही वार्षिकच सोपस्कार आहे.

चाचणीत काय पाहतात?

चाचणीचे दोन भाग असतात. पहिला भाग डोळ्यांनी पाहण्याचा. चेसिस आणि इंजिन नंबर कागदपत्रांशी जुळतात का, नंबरप्लेट नियमाप्रमाणे आहे का, काचा, वायपर, आरसे, इंडिकेटर, ब्रेक लाइट, हॉर्न, सीट, दारे शाबूत आहेत का, हे निरीक्षक पाहतो. मालवाहू गाड्यांना रिफ्लेक्टर पट्ट्या हव्यात. रात्री रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रकवर मागून गाड्या आदळण्याचे प्रकार लक्षात घेता या पट्ट्यांना किती महत्त्व आहे, हे कळते. ज्या गाड्यांना वेग नियंत्रक बंधनकारक आहे, त्यांचा वेग नियंत्रक चालू स्थितीत असावा लागतो. टायरच्या नक्षीची खोली मोठ्या गाड्यांसाठी किमान १.६ मिलिमीटर, तर दुचाकी आणि तीनचाकीसाठी ०.८ मिलिमीटर असावी, असा नियम आहे. स्कूलबसला याशिवाय महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूलबस नियमावलीतील बाबी लागू होतात. आपत्कालीन दरवाजा, प्रथमोपचार पेटी, खिडक्यांचे गज अशा गोष्टी त्यात येतात.

दुसरा भाग गाडीच्या चालण्याचा. त्यात सर्वांत महत्त्वाचा असतो ब्रेक. आरटीओच्या मैदानावर ही चाचणी होते, तेव्हा गाडी ट्रॅकवर ठरावीक वेगाने पळवून ब्रेक दाबतात. ती किती अंतरात थांबते आणि थांबताना एका बाजूला ओढते का, हे पाहिले जाते. स्वयंचलित केंद्रात हेच काम यंत्रे करतात. गाडीची चाके रोलरवर चढवून प्रत्येक चाकावर ब्रेकचा जोर किती पडतो, हे मोजले जाते. हेडलाइटच्या झोताची दिशा, सस्पेन्शन, स्टिअरिंगमधली ढिलाई, स्पीडोमीटरची अचूकता, धूर आणि हॉर्नचा आवाज यांसाठीही वेगवेगळी उपकरणे असतात.

ट्रॅकचा आग्रह कुठून आला?

महाराष्ट्रात पासिंग म्हणजे गाडीभोवती एक फेरी आणि कागदावर सही, अशी तक्रार अनेक वर्षे होती. पुण्यातील श्रीकांत कर्वे यांनी या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयाने आरटीओंना ब्रेक चाचणीसाठी २५० मीटर लांबीचा ट्रॅक असलाच पाहिजे, अशी भूमिका घेतली. ज्या कार्यालयांकडे ट्रॅक नव्हता, तिथली पासिंगची कामे बंद ठेवावी लागली आणि वाहने दुसरीकडे पाठवावी लागली. पुण्यातील वाहनांची चाचणी काही काळ सासवडजवळच्या दिवे येथील ट्रॅकवर होत होती. शहरातल्या रिक्षाचालकाला पासिंगसाठी घाट चढून जावे लागे आणि त्यात दिवसाचा धंदा बुडे. त्यामुळे नाराजीही बरीच होती.

या सगळ्या प्रकरणातून एक गोष्ट स्पष्ट झाली. चाचणी खरी व्हायची असेल तर तिला जागा, वेळ आणि माणसे लागतात. ट्रॅकवर रोज मर्यादित गाड्याच तपासून होतात. म्हणूनच आता आधी वेळ घेऊन जावे लागते.

चाचणीचे केंद्र कसे शोधायचे?

सध्या दोन प्रकारची ठिकाणे आहेत. पहिले म्हणजे ज्या आरटीओ किंवा उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात गाडीची नोंद आहे, त्याचे तपासणी मैदान. हे मैदान कार्यालयाच्या आवारातच असेल असे नाही. अनेक शहरांत ते काही किलोमीटर दूर असते. त्यामुळे अपॉइंटमेंटच्या पावतीवरचा पत्ता वाचूनच निघावे.

दुसरे म्हणजे स्वयंचलित चाचणी केंद्र, म्हणजे ऑटोमेटेड टेस्टिंग स्टेशन. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये त्यासाठी नियम केले. राज्य सरकार, कंपनी, संस्था किंवा व्यक्तीही नोंदणी करून असे केंद्र चालवू शकते. महाराष्ट्रात नाशिकला हे नियम येण्याआधीपासून यंत्रांवर आधारित तपासणी केंद्र आहे. अवजड वाहनांना स्वयंचलित केंद्रातच चाचणी सक्तीची करण्याची तारीख आधी १ एप्रिल २०२३ होती, ती पुढे १ ऑक्टोबर २०२४ करण्यात आली. केंद्रे पुरेशी उभी न राहिल्याने ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. म्हणून आपल्या कार्यालयाच्या हद्दीत आणि आपल्या प्रकारच्या गाडीला सध्या कुठे जायचे, हे दर वेळी पाहून घेणे शहाणपणाचे ठरते. गेल्या वर्षी जिथे पासिंग झाले, तिथेच यंदाही होईल असे धरून चालू नये.

हे पाहण्याची जागा म्हणजे केंद्र सरकारचे ‘परिवहन’ संकेतस्थळ. तिथल्या वाहनविषयक सेवांमध्ये गाडीचा क्रमांक आणि चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकून फिटनेस नूतनीकरणाचा अर्ज भरता येतो. शुल्क ऑनलाइन भरल्यावर चाचणीची तारीख निवडता येते. त्यासाठी गाडीच्या नोंदीला चालू मोबाइल क्रमांक जोडलेला हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. जुनी गाडी विकत घेतलेल्या अनेकांचे काम इथेच अडते. नोंदीत आधीच्या मालकाचा क्रमांक असतो. तो आधी बदलून घ्यावा लागतो.

कोणती तयारी ठेवावी?

कागदपत्रांमध्ये नोंदणी प्रमाणपत्र, चालू विमा, पीयूसी, कर भरल्याची नोंद आणि परवाना असलेल्या गाड्यांसाठी परमिट लागते. विमा संपलेला असेल किंवा कर थकलेला असेल तर अर्ज पुढेच सरकत नाही. त्यामुळे मुदत संपण्याच्या महिनाभर आधी या तारखा तपासाव्यात.

गाडीच्या बाबतीत सर्वांत जास्त अडवणाऱ्या गोष्टी साध्याच असतात. बंद पडलेला ब्रेक लाइट, झिजलेला टायर, फाटलेला रिफ्लेक्टर, अस्पष्ट झालेला चेसिस नंबर, एकीकडे कमी लागणारा ब्रेक. या गोष्टी ओळखीच्या गॅरेजमध्ये चाचणीच्या आठवडाभर आधी दाखवल्या तर दुरुस्तीला वेळ मिळतो आणि दुसरी फेरी वाचते. रिक्षाच्या मीटरची तपासणी वैधमापन विभागाकडून वेगळी होते. ती झाली आहे ना, हेही पाहावे. स्कूलबसमालकांनी मे महिन्याच्या शेवटापर्यंत थांबू नये. जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी सगळ्यांचीच धावपळ असते आणि तारखा लांबतात.

पासिंगपुरते चांगले टायर आणून बसवायचे आणि संध्याकाळी काढून परत करायचे, असेही प्रकार चालतात. त्यातून कागद मिळतो, पण गाडीचा ब्रेक मात्र पुन्हा त्याच गुळगुळीत टायरच्या भरवशावर राहतो. कलम ५६ नुसार गाडी धोकादायक स्थितीत आढळली तर दिलेले प्रमाणपत्र मुदतीच्या आतही रद्द करता येते.

गाडी नापास झाली तर?

नापास होणे म्हणजे गाडी कायमची बाद होणे नव्हे. कोणत्या बाबीत ती कमी पडली, हे अहवालात लिहिलेले असते. तेवढी दुरुस्ती करून, फेरचाचणीचे शुल्क भरून ठरावीक मुदतीत गाडी पुन्हा न्यायची असते. स्वयंचलित केंद्राचा निकाल मान्य नसेल तर अपिलाची सोय नियमांत आहे. पुन्हा नापास झालेली गाडी मात्र ‘आयुर्मान संपलेले वाहन’ ठरू शकते. त्यामुळे पहिला अहवाल गांभीर्याने घ्यावा.

इथे नियमांतला एक मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे. स्वयंचलित केंद्र चालवणाऱ्याला गाड्यांची दुरुस्ती किंवा विक्री, सुट्या भागांचा व्यवसाय करता येत नाही. ब्रिटनमध्ये १९६० पासून सुरू असलेली ‘एमओटी’ चाचणी अनेकदा दुरुस्ती करणाऱ्या गॅरेजमध्येच होते. तिथे गॅरेजवाला काम मिळवण्यासाठी दोष वाढवून सांगेल, ही शंका ग्राहकाला कायम असते. भारतात नियम करतानाच तपासणारा आणि दुरुस्ती करणारा वेगळा ठेवला आहे. त्यामुळे केंद्रातच कोणी ‘इथेच दुरुस्त करून देतो’ असे म्हणू लागले, तर ते नियमाला धरून नाही, हे ओळखावे.

मुदत चुकली तर किती महागात पडते?

परिवहन वाहनाचे शुल्क गाडीच्या प्रकारावर आणि वयावर ठरते. जुन्या गाडीला ते जास्त असते. खरा भार पडतो तो उशिराचा. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने मुदत संपल्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये जादा शुल्काची तरतूद केली. वर्षभर गाडी तशीच राहिली तर हा आकडा १८,२५० रुपयांवर जातो. आजारपणामुळे किंवा कर्जामुळे रिक्षा दारात उभी राहिलेल्या माणसाला ही रक्कम भरणे कठीण जाते. रिक्षा-टॅक्सी संघटनांनी याला जोरदार विरोध केला आणि २०२४ मध्ये राज्य सरकारने महाराष्ट्रात या आकारणीला स्थगिती दिली. अर्ज करताना पोर्टलवर दिसणारा आकडा पाहूनच हिशेब करावा.

प्रमाणपत्राशिवाय गाडी रस्त्यावर आणली तर कलम १९२ खाली पहिल्या गुन्ह्याला २,००० ते ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण त्याहून मोठी जोखीम अपघाताची आहे. फिटनेस नसलेल्या गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनी जबाबदारी नाकारण्याचा प्रयत्न करते. अनेक खटल्यांत न्यायालयांनी विमा कंपनीला पीडिताची भरपाई आधी देण्यास आणि नंतर ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करण्यास सांगितले आहे. म्हणजे वाचवलेल्या एका चकरेपायी मालकाच्या घरावर किंवा जमिनीवर गदा येऊ शकते.

प्रवाशाला आणि पालकांना काय करता येईल?

फिटनेसची मुदत ही गुप्त माहिती नाही. ‘एमपरिवहन’ मोबाइल ॲपमध्ये गाडीचा क्रमांक टाकला की फिटनेस, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत वैध आहेत, हे दिसते. मुलाला शाळेत नेणारी व्हॅन, लग्नाच्या वऱ्हाडासाठी ठरवलेली बस किंवा सहलीची टेम्पो ट्रॅव्हलर यांचे क्रमांक आगाऊ मागून घेता येतात. मुदत संपलेली दिसली तर चालकाशी वाद घालण्याऐवजी मालकाला किंवा शाळेला कळवावे. तरीही फरक पडला नाही तर परिवहन कार्यालयाकडे लेखी तक्रार करता येते.

पावसाळ्याच्या तोंडावर, शाळा उघडण्याच्या आधी किंवा घाटातल्या प्रवासाला निघताना क्रमांक टाकून पाहायला मिनिटभर पुरते. गाडीमालकासाठी पासिंग हा कटकटीचा दिवस असला तरी उतारावर ब्रेक लागणार की नाही, याची सरकारी पातळीवर खात्री करून घेण्याची तीच एक वेळ असते.