वॉलाय मासेमारी

उत्तर अमेरिकेतील थंड व विस्तीर्ण सरोवरांत वॉलाय या खाद्य माशाची छंद म्हणून गळाने केली जाणारी मासेमारी. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची उत्तर सीमेवरील राज्ये आणि कॅनडातील आँटॅरिओ व मॅनिटोबा हे प्रांत येथे उन्हाळ्यातील कौटुंबिक सहलीचा हा एक रूढ प्रकार आहे. मिनेसोटा राज्याने १९६५ मध्ये वॉलायला राज्यमत्स्याचा दर्जा दिला. अशा सहलीची आखणी ही वरवर पाहता निवास व होडी यांची व्यवस्था वाटली, तरी ती मुख्यतः माशाचा स्वभाव, सरोवराची रचना आणि मासे राखण्याचे नियम या तीन गोष्टींवर अवलंबून असते.

मासा : वॉलायचा समावेश पर्सिडी कुलात होतो. त्याचे शास्त्रीय नाव सँडर व्हिट्रियस असे असून पूर्वी तो स्टायझोस्टेडियन व्हिट्रियम या नावाने ओळखला जाई. भारतातील गोड्या पाण्यात या कुलातील मासे नैसर्गिक रीत्या आढळत नाहीत. कॅनडाच्या इंग्रजी भाषिक भागात त्याला ‘पिकरल’ व फ्रेंच भाषिक भागात ‘डोरे’ (सोनेरी) म्हणतात. ओजिब्वे या मूळ रहिवाशांच्या भाषेत त्याचे नाव ‘ओगा’ असे आहे. शरीर लांबट व निमुळते, रंग पिवळसर तपकिरी ते सोनेरी आणि पोट पांढरे असते. पृष्ठपक्ष दोन असून पहिल्या, काटेरी पक्षाच्या मागील टोकाशी काळा डाग असतो. पुच्छपक्षाच्या खालच्या पालीचे टोक पांढरे असते. सॉगर (सँडर कॅनडेन्सिस) या जवळच्या जातीत हे पांढरे टोक नसते व पहिल्या पृष्ठपक्षावर ठिपक्यांच्या ओळी असतात. दोन्ही जाती एकाच सरोवरात राहत असतील, तर पकडता येणाऱ्या माशांची मर्यादा जातीनुसार निराळी असू शकते. म्हणून हा फरक नवशिक्यानेही प्रथमच शिकून घ्यावा लागतो. सामान्यतः गळाला लागणारे मासे ३५ ते ५० सेंमी. लांबीचे असतात. मादी नरापेक्षा पुष्कळ मोठी होते. थंड उत्तरेकडे वाढ सावकाश होते, परंतु आयुष्य वीस वर्षांहून अधिक असू शकते.

माशाचे इंग्रजी नाव त्याच्या पांढुरक्या, टपोऱ्या डोळ्यांवरून पडले आहे. ‘वॉल’ या शब्दाचा येथे भिंतीशी काही संबंध नाही, तो प्राचीन नॉर्स भाषेतून आलेला आहे. डोळ्यातील दृष्टिपटलाच्या मागे प्रकाश परावर्तित करणारा थर असतो. मांजराच्या डोळ्यातही असा थर असतो व त्यामुळे ते अंधारात चमकतात. या थरामुळे एकदा आत आलेला प्रकाश दृष्टिपटलातून दुसऱ्यांदा जातो आणि अंधुक किंवा गढूळ पाण्यातही माशाला दिसू शकते. त्याचे मुख्य भक्ष्य असलेल्या पिवळ्या पर्च माशाला अशी सोय नसते. म्हणूनच वॉलाय पहाटे, तिन्हीसांजेला व रात्री शिकार करतो. भर उन्हात तो खोल पाण्यात, खडकाच्या आडोशाला किंवा पाणवनस्पतींच्या सावलीत राहतो. वाऱ्याने पाण्यावर लहान लाटा उठल्या म्हणजे आत शिरणारा प्रकाश विखुरतो आणि दुपारीही मासा खाऊ लागतो. अशा लाटांना तेथील मासेमार ‘वॉलाय चॉप’ म्हणतात. निरभ्र आकाश व संथ पाणी हा सहलीला आलेल्यांना आवडणारा दिवस मासेमारीच्या दृष्टीने बहुधा वाया जातो.

वसंतात बर्फ वितळताच, पाण्याचे तापमान सु. ५ ते १० °से. असताना, वॉलाय नद्यांच्या मुखांतून वर चढून किंवा किनाऱ्याजवळील गोट्यांच्या तळावर अंडी घालतो. तो घरटे करीत नाही व अंड्यांची राखणही करीत नाही. मादी आपल्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे सु. पन्नास ते साठ हजार अंडी घालते; त्यांपैकी फारच थोडी पिले वाचतात. या काळात मासेमारी बंद असते. मिनेसोटात हंगाम मेच्या मध्यास सुरू होतो व हंगामाचा पहिला शनिवार तेथे जवळजवळ सणासारखा मानला जातो.

सरोवराची निवड : मोठ्या उत्तरी सरोवराचे चांगले उदाहरण म्हणजे लेक ऑफ द वुड्स हे होय. सु. ४,३५० चौ. किमी. क्षेत्रफळाचे हे सरोवर मिनेसोटा, आँटॅरिओ व मॅनिटोबा यांच्या सीमेवर पसरले असून हिमयुगाच्या अखेरीस निर्माण झालेल्या अगॅसी या प्रचंड सरोवराचा तो अवशेष आहे. त्यात १४,००० हून अधिक बेटे आहेत. दक्षिणेकडून रेनी नदी त्याला मिळते व उत्तरेस केनोरा येथे विनिपेग नदी त्यातून बाहेर पडते. सरोवराचे दोन भाग इतके भिन्न आहेत की, सहल कोणत्या भागात न्यावयाची हा आखणीतील पहिलाच प्रश्न ठरतो. दक्षिणेकडील बिग ट्रॅव्हर्स उपसागर उघडा, सपाट चिखली तळाचा व बहुतांशी दहा-अकरा मी. खोलीचा आहे. वारा तेथील पाणी तळापर्यंत वारंवार ढवळून काढतो. त्यामुळे उन्हाळ्यातही वर उबदार व खाली थंड असे कायमचे थर पडत नाहीत आणि मासा तळाशी सर्वत्र पांगू शकतो. उत्तरेकडील भाग कॅनेडियन ढालप्रदेशाच्या कठीण खडकांचा, बेटांनी भरलेला व खोल आहे. तेथे बुडालेले खडक, भूशिरे आणि बेटांमधील अरुंद प्रवाह या मासे सापडण्याच्या जागा होत. बॉडेट व वॉररोड ही दक्षिणेकडील, तर केनोरा हे उत्तरेकडील मुक्कामाचे गाव आहे.

या दोहोंमध्ये नॉर्थवेस्ट अँगल हा भूभाग आहे. १७८३ च्या पॅरिस तहात सरहद्द सरोवराच्या वायव्य टोकापासून सरळ पश्चिमेस मिसिसिपी नदीपर्यंत न्यावी असे ठरले. परंतु वापरलेला नकाशा चुकीचा होता व मिसिसिपीचा उगम वस्तुतः दक्षिणेस आहे. १८१८ च्या कराराने सीमारेषा त्या टोकापासून ४९° अक्षवृत्तापर्यंत खाली आणली गेली आणि अमेरिकेचा एक तुकडा पाण्यापलीकडे राहिला. जमिनीवरून तेथे जाण्यासाठी मॅनिटोबातून जावे लागते. त्यामुळे या ठिकाणी जाणाऱ्याला पारपत्र लागते व दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांना वर्दी द्यावी लागते.

काळ व साधने : मेअखेर व जूनच्या आरंभी अंडी घालून परतलेले मासे नदीमुखाजवळ व उथळ पाण्यात असतात. नांगर टाकून उभ्या केलेल्या होडीतून जिग वापरून ते पकडता येतात. जिग म्हणजे शिशाचे डोके असलेला गळ. ४ ते १० ग्रॅ. वजनाचा असा गळ लहान मासा टोचून तळाशी सोडतात व हलकेच वरखाली करतात. लेक ऑफ द वुड्सवर आमिषासाठी गोठविलेला एमराल्ड शायनर हा मासा विशेष वापरात आहे. जूनअखेर ४९° अक्षवृत्ताजवळ दिवस सु. सोळा तासांचा असतो, सूर्य रात्री नऊनंतर मावळतो व संधिप्रकाश दीर्घकाळ टिकतो. मासेमारीची उत्तम वेळ म्हणूनच मुलांच्या झोपेच्या वेळेशी जुळते, हे कुटुंबासह जाणाऱ्यांनी ध्यानात घेणे बरे.

जूनच्या उत्तरार्धात व जुलैत चिखलातून मे माश्यांच्या अळ्या कोट्यवधींच्या संख्येने वर येतात. मासे त्यांवर इतके तृप्त होतात की, काही दिवस आमिषाकडे फिरकतही नाहीत. त्या काळात जळू किंवा गांडूळ हे आमिष लावून, सरकत्या शिशाच्या वजनासह दोर तळालगत अगदी संथ ओढणे हाच उपाय उरतो. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत मासे उघड्या पाण्यात विखुरलेले असतात; तेव्हा लाकडाचे किंवा प्लॅस्टिकचे कृत्रिम मासे चालत्या होडीमागे ओढून मोठे क्षेत्र धुंडाळतात. पाण्यात ध्वनितरंग सोडून खोली व मासे दाखविणारे उपकरण आता बहुतेक होड्यांत असते. काठी मध्यम-हलकी, सु. दोन मी. लांबीची असावी. वॉलाय आमिष झडप घालून ओढत नाही, तोंडात घेऊन थांबतो. जाड काठीवर हा हलका ताण जाणवत नाही.

अनुभव नसलेल्या गटाने पहिला दिवस तरी वाटाड्यासह मोठ्या होडीतून काढावा. किनाऱ्यावरील विश्रामगृहे दोन प्रकारची असतात : काहींत भोजनासह सर्व व्यवस्था असते, तर काहींत स्वयंपाकघर असलेली केवळ झोपडी भाड्याने मिळते. हंगाम आखूड असल्याने आरक्षण कित्येक महिने आधी करावे लागते. डास व काळ्या माश्या यांचा जूनमध्ये अतिशय उपद्रव होतो. बिग ट्रॅव्हर्ससारख्या उथळ व मोकळ्या पाण्यावर वायव्येचा वारा सुटल्यास अल्पावधीत आखूड पण उंच लाटा उठतात व लहान होडी परत आणणे कठीण होते. हवामानाचा अंदाज पाहिल्याशिवाय आणि प्रत्येक प्रवाशासाठी तरण-जाकीट घेतल्याशिवाय किनारा सोडू नये. मिनेसोटाच्या कायद्याने चालत्या होडीत दहा वर्षांखालील मुलांना ते अंगावर घालावेच लागते. जूनमधील पाणीही इतके थंड असते की, पट्टीचा पोहणाराही त्यात फार वेळ टिकत नाही.

परवाने व मर्यादा : परवाना ज्याच्या हद्दीत गळ टाकावयाचा त्या राज्याचा किंवा प्रांताचा लागतो, सरोवर एकच असले, तरी परवाना एक नसतो. आँटॅरिओत बाहेरून आमिष मासे वा जळवा आणण्यास बंदी आहे. मॅनिटोबात उलट काटा नसलेलाच गळ वापरावा लागतो. आँटॅरिओत कमी शुल्काचा ‘संवर्धन’ परवानाही मिळतो. तो घेणाऱ्यास थोडेच मासे नेता येतात. लेक ऑफ द वुड्सच्या मिनेसोटा बाजूवर अनेक वर्षे लागू असलेल्या नियमानुसार १९·५ ते २८ इंच (सु. ५० ते ७१ सेंमी.) लांबीचे वॉलाय परत सोडावे लागतात. या लांबीत प्रजननक्षम माद्या अधिक असल्याने ही मर्यादा घातली आहे. संख्येच्या मर्यादा बदलत असतात. म्हणून त्या वर्षीची अधिकृत पुस्तिका पाहूनच निघावे. नेण्याचे मासे जात व लांबी ओळखता येईल अशा रीतीने बांधावे लागतात.

माशांचे मांस पांढरे, घट्ट व सौम्य चवीचे असते. दुपारी एखाद्या बेटावर चूल पेटवून ताजे तुकडे तळणे हा सहलीचा ठरलेला भाग मानतात. मात्र मोठ्या व वृद्ध माशांच्या शरीरात पारा साठत जातो. लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांनी किती मासे खावेत याविषयी शासकीय आरोग्यविभाग सरोवरनिहाय सूचना प्रसिद्ध करतात. खाण्यासाठी मध्यम आकाराचाच मासा ठेवावा.

सोडलेल्या माशाचा प्रश्न : परत सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही, आणि उन्हाळी सहलीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते. वॉलायचा वाताशय बंद असतो; त्यातील वायू अन्ननलिकेतून चटकन बाहेर पडू शकत नाही. सु. ९-१० मी. पेक्षा जास्त खोलीतून मासा भरभर वर ओढला की, दाब कमी होऊन वाताशय फुगतो, आतील अवयवांना इजा होते आणि सोडल्यावर मासा खाली जाऊ शकत नाही. पाणी सु. २० °से. पेक्षा अधिक तापले असता, किंवा गळ घशात रुतला असता, मृत्यूचे प्रमाण वाढते. गळ खोल गेल्यास तो उपटण्याऐवजी दोर कापावा, मासा पाण्याबाहेर अगदी थोडा वेळ ठेवावा; आणि खाण्यापुरते मासे मिळाल्यावर ऐन उन्हाळ्यात खोल पाण्यात ‘पकडा व सोडा’ हा खेळ चालू ठेवू नये.

मिनेसोटातील मील लाक्स सरोवरात या मृत्यूंचा हिशेबच ठेवला जातो. १८३७ च्या तहाने ओजिब्वे लोकांना दिलेले मासेमारीचे हक्क अबाधित असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. तेव्हापासून पकडावयाच्या माशांचा वार्षिक वाटा राज्य व आठ ओजिब्वे गट यांच्यात ठरविला जातो. सोडल्यानंतर मेल्याचा अंदाज असलेले मासेही राज्याच्या वाट्यातून वजा होतात. २०१६ मध्ये तेथे मासा नेण्यास पूर्ण बंदी होती, तर २०१७ च्या जुलैत पाणी तापल्याने सोडलेल्या माशांची मरतूक वाढेल म्हणून वॉलायची मासेमारी काही आठवडे थांबविण्यात आली. ऐन हंगामात आरक्षणे रद्द झाल्याने किनाऱ्यावरील व्यावसायिकांची मोठी हानी झाली व ओजिब्वे गटांविरुद्ध कटू भावना उसळली. तथापि झेब्रा शिंपला व काटेरी जलपिसू या बाहेरून आलेल्या प्राण्यांमुळे बदललेली अन्नसाखळी, स्वच्छ झालेले पाणी आणि पिले कमी जगणे ही घटीची कारणे तहाच्या हक्कांपेक्षा निराळी आहेत.

रेड लेक या जोड सरोवरातील स्थिती याहून बिकट झाली होती. अतिरिक्त मासेमारीमुळे १९९० नंतरच्या दशकात तेथील वॉलाय जवळजवळ नाहीसा झाला. सरोवराच्या बहुतांश भागाचा मालक असलेल्या रेड लेक गटाने १९९७ मध्ये व्यापारी जाळी स्वतःहून बंद केली. १९९९ मध्ये राज्यानेही आपल्या भागात बंदी घातली. १९९९, २००१ व २००३ या वर्षांत कोट्यवधी पिले सोडण्यात आली. २००६ च्या मेमध्ये मासेमारी पुन्हा खुली झाली. तेव्हापासून दोन्ही पक्षांचे तज्ञ एकत्र बसून दरवर्षी मर्यादा ठरवितात. राज्याच्या ताब्यातील वरच्या सरोवराच्या पूर्व भागात कोणालाही परवान्याने मासेमारी करता येते, तर उरलेले पाणी गटाच्या अखत्यारीत आहे.