ठाण्यात एक चौकशी, ऑफिसात दुसरी

तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेलं आहे. १९६७ च्या या नाटकातला खेळ म्हणून सुरू झालेला खटला सगळ्यांच्या लक्षात राहतो. यंदा पुन्हा वाचताना मला मात्र दुसरीच गोष्ट टोचली. खेळातला आरोप अजून सिद्ध व्हायचाय, आणि तेवढ्यात कळतं की बेणारेबाईंची शाळेतली नोकरी जाणार आहे. त्यांचं म्हणणं ऐकून घेतल्याचं कुठेच दिसत नाही. आरोप एकीकडे, नोकरी दुसरीकडे, आणि मधे एक बाई.

हे नाटकापुरतं नसतं, हे गेल्या वर्षी समजलं. आमच्या पॅरिशमधले एक अंकल एका संस्थेत कॅश सांभाळायचे. रकमेत तूट निघाली, एफआयआर झाला, आणि त्याच आठवड्यात हातात निलंबनाचं पत्र. पत्र इंग्रजीत, ठाण्यातला सगळा व्यवहार हिंदीत, आणि घर मराठी बोलणारं. इंदुरात हे नेहमीचंच. मी साहित्याची विद्यार्थिनी म्हणून वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. वाचून झाल्यावर अंकलनी विचारलं, "बेटा, ऑफिसात सगळं सांगितलं तर ते ठाण्यात जाईल. नाही सांगितलं तर नोकरी जाईल. मग बोलायचं की गप्प बसायचं?"

मला उत्तर येत नव्हतं. एका वकीलबाईंनी समजावलं, मग मी सुप्रीम कोर्टाचे काही निकाल वाचले. त्यातून जे कळलं ते इथे मांडते आहे. उद्या आपणही कुठेतरी नोकरीला लागणार आहोत.

आधी शब्द नीट समजून घेऊ. 'चार्जशीट' हा शब्द दोन वेगळ्या कागदांना वापरतात. एक पोलीस तपास संपल्यावर कोर्टात देतात. दुसरं मालक किंवा खातं कर्मचाऱ्याला देतं: तुमच्यावर हे आरोप आहेत, उत्तर द्या. अंकलच्या घरी पहिले दोन दिवस याच शब्दामुळे रडारड झाली. सगळ्यांना वाटलं, कोर्टात केस उभी राहिली. प्रत्यक्षात ते ऑफिसचं आरोपपत्र होतं. तसंच निलंबन म्हणजे बडतर्फी नव्हे. नोकरी असते, फक्त कामावर यायचं नसतं. सरकारी नोकराला तर ४८ तासांहून जास्त कोठडी झाली की तो निलंबित झालाच असं धरतात. ती अजून शिक्षा नसते.

आता मुख्य प्रश्न. पोलीस तपास चालू असताना ऑफिस स्वतःची चौकशी चालवू शकतं का? चालवू शकतं. दोन्ही चौकशांचं काम वेगळं आहे. कोर्ट विचारतं, या माणसाने गुन्हा केला का? तिथे आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. ऑफिस विचारतं, हा माणूस नोकरीच्या नियमांना धरून वागला का? तिथे कोणत्या बाजूचं पारडं जड आहे एवढं पाहतात. म्हणून कोर्टात सुटलेला माणूस ऑफिसात दोषी ठरू शकतो. ऐकायला विचित्र वाटतं, पण मोजमापच वेगळं आहे.

१९६० चा दिल्ली क्लॉथ मिलचा निकाल इथे कामाला येतो. गिरणीतल्या एका शिपायावर हेडक्लार्कची सायकल चोरल्याचा आरोप होता. पोलीस केसही चालू होती. शिपाई म्हणाला, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत मी ऑफिसात काही बोलणार नाही. गिरणीने चौकशी पुरी करून त्याला काढलं. पुढे कोर्टाने त्याला सोडलं. तरी सुप्रीम कोर्ट म्हणालं की गिरणीने थांबलंच पाहिजे होतं असं नाही, कारण प्रकरण साधं होतं. पण त्याच निकालात एक खिडकीही उघडी ठेवली: आरोप गंभीर असेल, किंवा तथ्यांचा आणि कायद्याचा गुंता असेल, तर मालकाने कोर्टासाठी थांबणं बरं.

थांबणं बरं का? ऑफिसातल्या चौकशीत आपला बचाव आधीच उघडा पडतो म्हणून. कोण साक्षीदार आणणार, कोणता कागद दाखवणार, हे सगळं समोरच्या बाजूला आधीच कळतं. संविधानाचं कलम २० (३) सांगतं की आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. पण ऑफिसात गप्प बसलं तर नोकरी हातची जाते. अंकलचा प्रश्न नेमका हाच होता.

या कोंडीवरचा सगळ्यात महत्त्वाचा निकाल कोलारच्या सोन्याच्या खाणीतला आहे. भारत गोल्ड माइन्समध्ये कॅप्टन एम. पॉल अँथनी हे सुरक्षा अधिकारी होते. २ जून १९८५ ला पोलिसांनी त्यांच्या घरावर धाड घातली. साडेचार ग्रॅमचा सोन्याचा गोळा आणि १२७६ ग्रॅम सोनं असलेली वाळू सापडली असं पोलिसांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी निलंबन. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत चौकशी थांबवा, ही त्यांची विनंती मान्य झाली नाही. निलंबनात निर्वाह भत्ता मिळाला नाही, त्यामुळे चौकशीला जाऊन राहायला पैसे नव्हते. चौकशी एकतर्फी झाली आणि जून १९८६ मध्ये ते बडतर्फ झाले. मग ३ फेब्रुवारी १९८७ ला फौजदारी कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं. तरी कंपनी नोकरी परत देईना. सुप्रीम कोर्टाचा निकाल आला १९९९ मध्ये. कोर्ट म्हणालं, दोन्हीकडे तीच धाड, तेच साक्षीदार. ती धाडच कोर्टात सिद्ध झाली नाही, तर त्याच पुराव्यावरची बडतर्फी टिकवणं अन्याय होईल. त्यांना कामावर घ्या आणि निलंबनापासूनचा सगळा पगार द्या.

धाडीपासून या निकालापर्यंत चौदा वर्षं गेली. आकडा वाचताना छोटा वाटतो. माझं वय एकवीस आहे, म्हणजे माझ्या आयुष्याचा दोन तृतीयांश भाग.

त्या निकालातले नियम थोडक्यात असे. दोन्ही चौकशा एकाच वेळी चालू शकतात. तथ्यं तीच असतील, आरोप गंभीर असेल आणि गुंतागुंत असेल, तर ऑफिसची चौकशी थांबवणं इष्ट. पण कोर्टातली केस रेंगाळली तर ऑफिस पुन्हा सुरू करू शकतं. यामागचा विचार मला पटला: माणूस निर्दोष असेल तर त्याची इज्जत लवकर परत मिळावी, दोषी असेल तर संस्थेला त्याच्यापासून लवकर सुटका मिळावी. २०१४ च्या स्टॅन्झेन टोयोटेत्सू आणि २०१६ च्या स्टेट बँकेच्या प्रकरणात तर सुप्रीम कोर्टाने एक वर्षाची मुदतच आखून दिली. तेवढ्यात खटला संपला नाही, तर ऑफिसने पुढे जावं.

पैशाची गोष्ट वेगळी काढून सांगते, कारण घरात पहिला चटका तिथेच बसतो. निलंबित माणसाला निर्वाह भत्ता मिळतो. सरकारी नोकरीत सुरुवातीला तो साधारण अर्ध्या पगाराइतका असतो. कारखान्यांसाठीच्या, २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यात पहिले ९० दिवस ५० टक्के, आणि उशीर कामगारामुळे नसेल तर पुढे ७५ टक्के अशी तरतूद होती. भत्ता ही मेहेरबानी नाही, हे आपल्याच मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणाने १९७३ मध्ये स्पष्ट केलं. एक फॉरेस्ट रेंजर रीवाला राहत होता, चौकशी होती जगदलपूरला, सुमारे ५०० किलोमीटरवर. भत्ता मिळाला नव्हता, तो जाऊ शकला नाही, चौकशी त्याच्यामागे उरकली. सुप्रीम कोर्टाने ती चौकशीच सदोष ठरवली: पैसेच दिले नाहीत तर बचावाची संधी दिली असं कसं म्हणणार? महाराष्ट्रात तर एक नियम होता की शिक्षा झालेल्या कर्मचाऱ्याला अपील चालू असताना महिन्याला एक रुपया भत्ता द्यायचा. १९८३ मध्ये कोर्टाने तो रद्द केला.

आणखी एक बारीक पण कामाची गोष्ट. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब दाखवून ऑफिस म्हणू शकत नाही की झालं सिद्ध. पंजाब नॅशनल बँकेच्या एका शिपायाच्या प्रकरणात २००८ मध्ये कोर्टाने सांगितलं की पोलिसांनी गोळा केलेले कागद हा आपोआप पुरावा होत नाही. ऑफिसच्या चौकशीत साक्षीदाराने येऊन ते सिद्ध करावे लागतात, आणि त्याची उलटतपासणी करता आली पाहिजे.

मग अंकलनी काय केलं? वकीलबाईंनी सांगितलं तसंच. पहिला अर्ज भत्त्याचा, लेखी, पोच घेऊन. दुसरा अर्ज चौकशी थांबवण्याचा, त्यात कारण नेमकं लिहून: दोन्हीकडे तीच तूट, तेच साक्षीदार, बचाव उघडा पडेल. ऑफिसने नाही म्हटलं तर हायकोर्टात जाता येतं, आणि खंडपीठ इथे इंदुरातच आहे. तोपर्यंत प्रत्येक तारखेला हजर राहायचं, आरोप नाकारतो एवढं लिहून द्यायचं. "माफीनामा लिहा, मिटवून टाकू" असं कुणी प्रेमाने म्हटलं तरी वकिलाला दाखवल्याशिवाय सही करायची नाही. भत्ता दोन महिने आला नव्हता, अर्जानंतर आला. बाकी प्रकरण अजून चालू आहे.

अंकल दोषी की निर्दोष, हे ठरवणारी मी कोण? ते कोर्ट ठरवेल. पण संडे मासनंतर अंगणात काही लोकांनी ते केव्हाच ठरवून टाकलं होतं. त्यांच्याशेजारी बसायला कुणी तयार नव्हतं. कायदा दोन चौकशांना मान्यता देतो, आणि दोन्हीकडे निदान आरोप लेखी असतो, उत्तर द्यायला वेळ असतो, उलटतपासणी असते. ही अंगणातली तिसरी चौकशी मात्र कुठल्याच नियमात बसत नाही. कोर्टाला आणि ऑफिसला वेळ लागेल. अंगणातली चौकशी आपण आजही बंद करू शकतो.