गोळी तीच, मग साखर का वाढते?

अकोला-अमरावतीकडे मधुमेहाच्या दवाखान्यातल्या बाकावर एक तक्रार हमखास कानी पडते: ‘पहिले गोळी चांगली लागू पडत होती, आता पडत नाही.’ तिच्या पाठोपाठ निर्णयही तयार असतो, डॉक्टर बदलवून पाहू. हा निर्णय घाईचा आहे असे मला ठामपणे म्हणायचे आहे. बहुतेक वेळा गोळी निकामी झालेली नसतेच. एक तर आजार पुढे सरकलेला असतो, नाहीतर रोजच्या जगण्यात असे काही बदललेले असते की जे कोणी विचारलेच नाही. या दोहोंपैकी नेमके काय झाले हे न शोधता गोळ्या आणि दवाखाने बदलत राहिले, की दोन-चार वर्षे सहज निघून जातात. डोळ्याचा पडदा, किडनी आणि पायाच्या नसा यांचे नुकसान नेमके याच वर्षांत होते, आणि तेही काही न दुखता.

या आजाराची वाटचाल नीट मोजली ती ब्रिटनमधल्या ‘यूकेपीडीएस’ या अभ्यासाने. १९७७ साली तो सुरू झाला, नव्याने निदान झालेले ५,१०२ रुग्ण त्यात घेतले गेले आणि १९९८ मध्ये मुख्य निष्कर्ष आले. निदान होते तेव्हाच स्वादुपिंडाची इन्सुलिन तयार करण्याची सुमारे निम्मी ताकद गेलेली असते आणि उपचार चालू असतानाही उरलेली हळूहळू ओसरत जाते, हे त्यातून दिसले. एकाच औषधावर साखर आटोक्यात राहणारे रुग्ण तीन वर्षांनी निम्मे उरले, नऊ वर्षांनी जेमतेम चौथाई. म्हणजे दहा वर्षांपूर्वी एका गोळीवर छान चाललेल्या माणसाला आज तिसरे औषध लागत असेल, तर त्यात ना डॉक्टरची चूक आहे, ना गोळीची, ना त्या माणसाची. आपल्याकडे हे आणखी लवकर कळायला हवे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे, की भारतीय माणूस हातापायांनी सडपातळ दिसला तरी त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण जास्त असते आणि त्याचे मूळ गर्भातल्या कुपोषणापर्यंत जाते. त्यामुळे ‘मी कुठे जाड आहे’ या दिलाशाला फारसा अर्थ नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे.

पण सगळा दोष स्वादुपिंडावर टाकण्याआधी काय बदलले ते पाहिले पाहिजे, आणि वऱ्हाडात पहिली विचारणा ऋतूची करावी लागते. सोयाबीनच्या सोंगणीपासून कापूस वेचणी संपेपर्यंत माणूस दिवसभर उभा-वाकलेला असतो. तोच माणूस मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे गेला की सकाळी दहापासून घरात बसतो, आणि ताटात आमरस असतो. गोळी तीच, मात्राही तीच, मग जूनमधला रिपोर्ट डिसेंबरसारखा कसा येईल? दुसरी विचारणा इतर औषधांची. गुडघेदुखीवर बिननावाच्या पुड्या घेणारे घरोघरी सापडतात. अशा पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड निघते, त्याने दुखणे दोन दिवसांत थांबते आणि साखर भराभर चढते. गुडघ्यात घेतलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शननेही ती काही दिवस वाढलेली राहते. तिसरी विचारणा लपलेल्या जंतुसंसर्गाची: किडकी दाढ, लघवीची जळजळ, पायाची जखम, आणि क्षयरोग. मधुमेहामुळे क्षयाचा धोका वाढतो आणि क्षयामुळे साखर चढते. शिवाय क्षयावरचे रिफॅम्पिसिन मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणाम कमी करते. वजन घटते आहे, खोकला जात नाही आणि साखर वाढते आहे, अशा माणसाला आधी थुंकीची तपासणी हवी, नवी गोळी नंतर.

आकडा खरा आहे का, हाही प्रश्न आहे. वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात हिवाळ्यात संत्रे सोलून त्याच बोटाने ग्लुकोमीटरवर साखर तपासली, तर फळाचा रस रक्तात मिसळून आकडा भलताच फुगतो. स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही, हात पाण्याने धुऊन कोरडे करावे लागतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणीही आपल्या भागात डोळे झाकून मानता येत नाही. ती हिमोग्लोबिनवर चिकटलेली साखर मोजते, म्हणून हिमोग्लोबिनच बिघडलेले असेल तर उत्तरही बिघडते. विदर्भात सिकलसेल अनेक समाजांत आहे, मेळघाटातल्या आदिवासींतही आहे. सिकलसेलच्या रुग्णात तांबड्या पेशी लवकर मरतात आणि एचबीए१सी खोटी कमी येते. लोहाच्या कमतरतेने, जी आपल्याकडच्या बायकांत घरोघरी आहे, ती खोटी जास्त येऊ शकते. तेव्हा घरी मोजलेली साखर आणि हा आकडा यांचा मेळ बसत नसेल, तर हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी करून घ्यावी.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाण्याच्या खाऱ्या पाण्याच्या गावांत, किडनीच्या दुखण्याच्या तक्रारी जुन्या आहेत. तिथल्या मधुमेह्याने वर्षातून एकदा तरी क्रिएटिनीन आणि लघवीतले प्रथिन तपासलेच पाहिजे. किडनी मंदावली की मेटफॉर्मिन या गोळीची मात्रा घटवावी लागते, ती फारच मंदावली तर बंद करावी लागते. आणि गोळी किंवा इन्सुलिन अंगात जास्त वेळ रेंगाळल्याने साखर खाली जाऊ लागते. वाढलेली साखर काही न करता आपोआप ‘सुधारली’, तर आनंद मानण्याआधी किडनी तपासावी. याउलट, मेटफॉर्मिनने पोट बिघडते म्हणून ती परस्पर सोडणारे बरेच असतात. त्यांच्यासाठी हळूहळू विरघळणारी गोळी जेवणासोबत, थोड्या मात्रेपासून सुरू करता येते. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्याच्या, विशेषतः शाकाहारी माणसाच्या, पायांना मुंग्या येत असतील तर बी-१२ जीवनसत्त्वही पाहून घ्यावे. सगळ्या मुंग्या साखरेच्या नसतात.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे: गोळ्यांच्या मागे लागण्यापेक्षा खाणेच बदलले तर? विदर्भाचेच डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव पोहोचवलेली दोनच वेळा जेवण्याची पद्धत हजारो घरांत पाळली जाते. वजन उतरवले की साखर उतरते, याला भक्कम पुरावाही आहे. ब्रिटनच्या ‘डायरेक्ट’ अभ्यासात, २०१७ मध्ये, खाणे काटेकोर करून वजन घटवलेल्या गटातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षभरात औषधाशिवाय आटोक्यात आला आणि ज्यांनी १५ किलो किंवा त्याहून अधिक वजन घटवले, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. पण त्यात घेतलेले सगळे रुग्ण सहा वर्षांच्या आत निदान झालेले, वजनदार आणि इन्सुलिन न घेणारे होते. शिवाय पुढच्या वर्षांत यातल्या बऱ्याच जणांची साखर परत आली. पंधरा वर्षांचा मधुमेह, सडसडीत बांधा आणि न कळता घटणारे वजन असलेल्या शेतकऱ्याला तोच उपाय लावणे धोक्याचे आहे, कारण त्याचे वजन बहुधा इन्सुलिनच्या अभावाने घटते आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवणातले अंतर वाढवले तर साखर एकदम खाली जाऊन माणूस शेतातच कोसळू शकतो. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या गोळ्यांवर असताना नवरात्राचे कडक उपवास केले, तर रक्तात आम्लता वाढण्याचा धोका असतो, आणि तेव्हा साखर फार चढलेली दिसतही नाही. म्हणून खाणे बदलायचे ते औषधाची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घेऊनच. ज्वारीच्या भाकरीबद्दलही थोडे बोलले पाहिजे. रोडगे आणि वरण-बट्टीपेक्षा ती निश्चित बरी, सोबत कळण्याची भाकरी आणि अंबाडीची भाजी असेल तर आणखी बरी. पण ज्वारी म्हणजे मोजायची गरजच नाही, ही समजूत खरी नाही. भाकरी दोन आणि भाकरी चार यांत मोठा फरक पडतो.

सगळे तपासून झाले आणि तरी साखर खाली येत नसेल, तर इन्सुलिनचा विषय निघतो आणि घरात सुतक पडल्यासारखे होते. ‘शेवटचा टप्पा’, ‘एकदा लागले की सुटत नाही’ ही वाक्ये मी समजू शकतो, कारण अनेकदा इन्सुलिन खरोखरच शेवटी दिले जाते, पाय काढायची वेळ आली असताना, आणि मग त्याच्यावरच बट्टा लागतो. इन्सुलिन शरीर आपले आपण बनवते, तेच बाहेरून दिले जाते. साखर फार चढलेली असताना थोड्या दिवसांसाठी इन्सुलिन दिले, तर थकलेल्या पेशींना उसंत मिळून गोळ्या पुन्हा लागू पडताना दिसतात. मात्र ते नीट घेतले जाते का हे पाहावे लागते. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांत एका मिलिलीटरला ४० युनिट असतात आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. नारिंगी टोपणाची १०० युनिटची सिरिंज हाताशी आली आणि तिच्यात २० च्या रेघेपर्यंत औषध भरले, तर अंगात फक्त ८ युनिट जातात, आणि पुन्हा ‘इन्सुलिनही लागू पडत नाही’ अशी तक्रार होते. पोटावर रोज एकाच जागी सुई टोचली तर तिथे मऊ गाठ येते आणि तिच्यातून औषध नीट शोषले जात नाही. बोट फिरवले की ती लागते, म्हणून डॉक्टरला पोट दाखवायला लाजू नये. आणि वऱ्हाडातला उन्हाळा इन्सुलिनला सोसत नाही. फ्रिज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेल्या माठात, कोरड्या डब्यात बाटली ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात मात्र ती कधीच ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन फेकून द्यावे लागते.

खर्चाचा आक्षेपही खरा आहे, पण पूर्वीइतका नाही. २०१९ ते २०२२ या काळात व्हिल्डाग्लिप्टिन, डॅपाग्लिफ्लोझिन, सिटाग्लिप्टिन या मधुमेहाच्या गोळ्यांची पेटंटे संपली आणि त्यांचे भाव खूप उतरले. अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात, अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात आणि जनऔषधी दुकानांत स्वस्तात उपचार मिळू शकतात.

राहता राहिला प्रश्न किती खाली आणायचे याचा. साखर जितकी खाली तितकी चांगली, असे मानून अमेरिकेत ‘अ‍ॅकॉर्ड’ हा १०,२५१ रुग्णांचा अभ्यास झाला. एचबीए१सी ६ च्या खाली नेण्याचा आग्रह धरलेल्या गटात जास्त मृत्यू झाले, म्हणून २००८ मध्ये तो कडक उपचार मध्येच थांबवावा लागला. चाळिशीतल्या माणसासाठी ७ च्या आत राहण्याचा प्रयत्न योग्यच आहे. पण मुले पुण्या-मुंबईला असलेली, गावात एकटी राहणारी, पंच्याहत्तरीची म्हातारी ८ वर असेल, तर गोळी वाढवायची घाई करू नये. तिच्या बाबतीत रात्री साखर उतरून अंधारात पडण्याची आणि मांडीचे हाड मोडण्याची भीती मोठी आहे. ग्लिबेनक्लामाइडसारखी लांब रेंगाळणारी गोळी तिला चालू असेल, तर ती कमी करता येईल का हे पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारावे, आणि तिच्या उशाशी साखरेचा डबा ठेवावा.