जुन्या इंजिनाला सुपरचार्जर: आधी आतलं बघा, मग पट्टा चढवा

लोह्यातून, नांदेड-लातूर रस्त्याच्या कडेवरून बोलतोय. एक प्रश्न सारखा येतोय, "भाऊ, जुन्या पद्मिनीला सुपरचार्जर बसतो का?" बसतो की. चांगला मिस्त्री आणि लेथवाला असला की ब्रॅकेट तयार होतं, पुली तयार होते, ब्लोअर बसतो. पण बसल्यावर इंजिन किती दिवस टिकणार आणि गाडीच्या कागदांचं काय होणार, खरा प्रश्न हा आहे. ज्यांना हेडफोन सापडला नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

आधी टर्बो आणि सुपरचार्जर यांतला फरक. काम दोघांचं एकच: सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबायची, म्हणजे जास्त पेट्रोल जळेल. टर्बो फिरतो सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुरावर. सुपरचार्जर फिरतो थेट क्रँकवरून, पट्ट्यानं नाहीतर गिअरनं. गावातली डिझेल इंजिनवरची पिठाची गिरणी आठवा. इंजिनाच्या पुलीवरून पट्टा जातो आणि जातं फिरतं. इथं जात्याऐवजी हवेचा पंप. इंजिन फिरलं की तोही फिरला, म्हणून पाय दाबताच जोर मिळतो. पण हे फुकट नाही बरं का, पंप फिरवायची ताकद इंजिनाच्याच खिशातून जाते.

आता आपल्या माणसांची गोष्ट. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे. होळकर मूळचे होळ गावचे, त्यांचा देव खंडोबा, म्हणजे आपल्या माळेगावच्या यात्रेचाच देव. यात्रेत आपण घोडे बघतो, या महाराजांनी १९३६ ची डुसेनबर्ग एसजे घेतली. चॅसिस अमेरिकेचं, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, रंग केशरी आणि काळा. एवढी लांबलचक गाडी आणि बसायला दोनच सीटा! नावातला 'एस' म्हणजे सुपरचार्जर.

साध्या मॉडेल जे चं इंजिन ६.९ लिटरचं, आठ सिलिंडर एका रांगेत, ताकद २६५ हॉर्सपॉवर. ब्लोअर लावल्यावर कंपनीचा दावा ३२० चा. पण कंपनीनं नुसता ब्लोअर लावला नाही, लक्ष इथं द्या. कनेक्टिंग रॉड जास्त मजबूत घातले, व्हॉल्व्हच्या स्प्रिंग कडक केल्या. बॉनेटच्या बाजूनं बाहेर आलेले ते जाडजूड चकचकीत एक्झॉस्ट पाइप सगळ्यांना आठवतात, मात्र पैसे खरे आतल्या रॉडमध्ये गेले होते.

उलटं उदाहरण बेंटलीचं. साडेचार लिटरच्या इंजिनाला ब्लोअर लावायचा हट्ट टिम बर्किन या रेसरचा. अ‍ॅम्हर्स्ट व्हिलियर्सनं तो बनवला आणि क्रँकच्या पुढच्या टोकाला, रेडिएटरच्या समोर टांगला. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांना हे पसंत नव्हतं. ताकद हवी तर मोठं इंजिन बनवा, असं त्यांचं मत. 'ब्लोअर बेंटली' भयंकर वेगवान होती, पण ल मान्स तिनं कधी जिंकली नाही. १९३० ला ती शर्यत जिंकली बिगर ब्लोअरच्या स्पीड सिक्सनं. माझं मत विचाराल तर म्हातारा बरोबर होता, पण फोटो मात्र सगळे ब्लोअरचेच काढतात.

आता पद्मिनीवर या. इंजिन १०८९ सीसीचं. चार स्ट्रोकचं असल्यामुळं क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच पूर्ण हवा घेतं, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ५४५ सीसी. समजा ब्लोअर एका फेऱ्यात ७०० सीसी हवा ढकलतो आणि दोन्ही पुली सारख्या आहेत. मग इंजिन खाईल त्यापेक्षा जास्त हवा येते, जागा मिळत नाही म्हणून दाब वाढतो. वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय, त्यावर हा हिशेब चार पीएसआयच्या आसपास जातो. गळती आणि गरमी यात धरलेली नाही. ब्लोअरची पुली लहान केली की बूस्ट वाढतो. आणि पोरं इथंच वाहवत जातात, "अजून थोडी लहान करू ना!"

नका करू. समजा इंजिनाचं कॉम्प्रेशन ८ ला १ आहे. सहा पीएसआय बूस्ट दिला तर हवा ४० टक्के जास्त, म्हणजे इंजिनाला ते ११ ला १ सारखं वाटतं. पेट्रोल वेळेआधीच पेटतं, इंजिन ठोकायला लागतं आणि पिस्टनला भोक पडतं. म्हणून बूस्ट कमी ठेवायचा, डिस्ट्रिब्युटरचं टायमिंग मागं घ्यायचं, गरज पडली तर कॉम्प्रेशनच उतरवायचं. कार्ब्युरेटरचा जेटही मोठा लागतो, कारण हवा जास्त आणि पेट्रोल तेवढंच असलं तर इंजिन आणखी तापतं.

जुन्या पद्धतीत कार्ब्युरेटर ब्लोअरच्या आधी बसायचा. फायदा असा की पेट्रोलच्या फवाऱ्यानं हवा थोडी थंड होते. तोटा असा की ब्लोअर आणि मॅनिफोल्ड दोन्ही पेट्रोलच्या वाफेनं भरलेले असतात. इंजिननं उलटा भडका मारला की सगळंच पेटतं. त्यासाठी मॅनिफोल्डवर स्प्रिंगचा रिलीफ व्हॉल्व्ह असतो. जुनं किट विकत घेताना हा व्हॉल्व्ह हमखास गायब असतो. तो नसेल तर गाडी चालूच करू नका.

ब्लोअरसुद्धा तपासा. शोरॉक, मार्शल, जडसन अशी नावं जुन्या बाजारात दिसतात. मार्शल हा रूट्स जातीचा, दोन रोटर एकमेकांना न घासता फिरतात. रोटर हातानं फिरवून बघा, कुठं खरखर लागली तर आतली भिंत घासलेली आहे. शोरॉक आणि जडसन पात्यांचे, त्यांना तेल लागतं. तेल बंद पडलं की पाती खलास, आणि तुकडे थेट इंजिनात.

आता कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं की आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकानं करायचा नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच ठामपणे सांगितलं. त्यावर २०२१ चा व्हिंटेज गाड्यांचा नियम आहे. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ रूपात, चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नसलेली, तरच 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. म्हणजे आजोबांची १९७२ ची गाडी घरात असेल आणि तिला ब्लोअर लावला, तर हा नंबर हातचा जाऊ शकतो.

तरी हौस फिटत नसेल तर मूळ मॅनिफोल्ड, कार्ब्युरेटर, पुली, एकेक नट-बोल्ट डब्यात घालून वर चिठ्ठी चिकटवा. हेड घासू नका, ब्लॉकला नवीन भोक पाडू नका. आणि ब्लोअरला हात लावायच्या आधी मिस्त्रीकडून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. एका जरी सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असला, तर ब्लोअरचे पैसे रिंग आणि बेअरिंगवर घाला.