पुन्हा टोचून घ्यायचं?

मुलांनो, गोवराची लस टोचली तेव्हा तुम्ही किती रडला होतात, आठवतं का? कसं आठवणार! नऊ-दहा महिन्यांचे तर होतात. पण तुम्ही विसरलात तरी तुमचं रक्त विसरलेलं नाही. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी ती आठवण जपून ठेवतात. गोवराचा विषाणू पुढे कधी अंगात शिरलाच, तर त्या त्याला ओळखतात आणि लगेच कामाला लागतात.

पण ही आठवणच पुसली गेली तर?

आमच्या खांदा कॉलनीतल्या शाळेत एक मुलगा आहे, आता चौथीत. नाव सांगत नाही, त्याला आवडायचं नाही. पहिलीत असताना त्याला ल्युकेमिया झाला, म्हणजे रक्ताचा कर्करोग. (हा रोग एकाचा दुसऱ्याला होत नाही बरं का! त्याच्या शेजारी खुशाल बसा.) आपल्या हाडांच्या आतल्या मज्जेत रक्तपेशी तयार होतात. या रोगात तिथं अर्धवट, बिनकामाच्या पांढऱ्या पेशींची इतकी गर्दी होते, की चांगल्या पेशींना जागाच उरत नाही.

मग सुरू झाल्या त्याच्या फेऱ्या. खांदेश्वरला लोकल पकडायची, मानसरोवर गेलं की खारघर. तिथं टाटा स्मारक केंद्राचं ‘अ‍ॅक्ट्रेक’ आहे. जवळजवळ अडीच वर्षं औषधं चालली. या रोगावरचं एक औषध, व्हिन्क्रिस्टीन, चक्क आपल्या कुंडीतल्या सदाफुलीपासून मिळतं! (म्हणून पानं चावून बघू नका हं, ती विषारी असतात.)

ही औषधं रोगाच्या पेशी मारतात खरी, पण त्यांना आपलं-परकं नीट कळत नाही. चांगल्या पेशीही मरतात आणि त्यांत आठवण ठेवणाऱ्या पेशीही असतात.

गेल्या दिवाळीला त्याची औषधं संपली. डोक्यावर केस आले. स्वारी वर्गात हजर! मी मात्र खोकणाऱ्या मुलांना त्याच्यापासून लांब बसवायची. मुलं म्हणाली, “बाई, हा बरा झाला ना? मग असं का?” मलाही धड सांगता येईना. त्याच्या आईनं डॉक्टरांना विचारलं, तेव्हा कुठं उलगडा झाला.

औषधं थांबल्यावर पांढऱ्या पेशींची संख्या लवकर भरून येते. पण नुसती संख्या भरून भागत नाही. वर्ग भरला, तरी नव्या मुलांना जुना धडा कुठं येतो? सगळी रोगप्रतिकारशक्ती पूर्वपदावर यायला सहा महिने, कधी वर्ष, काही बाबतींत त्याहूनही जास्त लागतात. लहानपणच्या लसींचा परिणाम बऱ्याच मुलांत कमी झालेला आढळतो. सगळ्यांत नाही, पण फार लहान वयात औषधं घेतलेल्यांत अधिक. म्हणून लसी पुन्हा द्याव्या लागतात. बहुतेकदा थोड्याच डोसांत शरीराला धडा आठवतो. गोवर, कांजिण्या यांच्या लसींत जिवंत पण दुबळे विषाणू असतात, त्यामुळे त्या औषधं संपल्यावर निदान सहा महिने देत नाहीत. कोणती लस कधी, ते डॉक्टरच ठरवतात. परळच्या टाटा रुग्णालयात तर उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळा दवाखाना आहे.

आता जरा आई-बाबांशी बोलते. फेब्रुवारीत वर्गातल्या एका मुलाला कांजिण्या आल्या होत्या. चाचणी बुडू नये म्हणून घरच्यांनी त्याला तसाच पाठवला. मला मधल्या सुट्टीत कळलं. मी त्या दिवशी रागावले, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. तुमच्या मुलाला चार दिवस खाज सुटेल, पण अशा मुलाच्या फुप्फुसापर्यंत कांजिण्या पोचू शकतात. सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत मुलाला घरीच ठेवा, आणि मुख्य म्हणजे शाळेला लगेच कळवा. लवकर कळलं तर डॉक्टरांना काही करता येतं. त्या दिवशी त्याची आई त्याला घेऊन तशीच खारघरला धावली. मग तीन आठवडे रोज सकाळी आम्ही त्याचे हात, मान, पाठ बघत होतो. फोड आला नाही.

जुलैत त्याच्या लसी सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी दंड दाखवत म्हणाला, “बाई, मी अजिबात रडलो नाही.” थोड्या वेळानं टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाला, “थोडंसंच रडलो.”