‘बाबा म्हणाले’ चालत नाही!

रात्रीचे साडेअकरा. डेडलाइन डोक्यावर, आणि मी काय करतेय? तर एका ऑनलाइन विश्वकोशात चिकन महाराजा मॅकची नोंद दुरुस्त करतेय!

झालं काय, जेवताना बाबा म्हणाले, ‘‘अगं, हा बर्गर आधी चिकनचा नव्हताच. मटणाचा होता.’’ बरोबरच आहे ते. १९९६ मध्ये मॅकडोनाल्ड्स भारतात आलं, तेव्हा बीफ बाद. म्हणून बिग मॅकच्या जागी मटणाच्या पॅटीजचा महाराजा मॅक आला. चिकन नंतरचं.

नोंदीत मात्र ‘पहिल्यापासून चिकन’. मी ते खोडलं, बाबांचं वाक्य टाकलं, सेव्ह! दहा मिनिटांत जुनं वाक्य परत हजर. कारण : संदर्भ नाही. डोकंच सटकलं. माझे बाबा काय खोटं बोलतात? पण नियम सरळ आहे. माहिती नुसती खरी असून भागत नाही, वाचणाऱ्याला ती पडताळता आली पाहिजे.

मग त्या चुकीच्या वाक्याला कसला संदर्भ आहे? तळटीप उघडली आणि गारच पडले. लेख माझाच! दोन वर्षांपूर्वी, घाईघाईत, कुणालाही न विचारता ठोकून दिलेला.

दुसऱ्या दिवशी आधी संपादकांना फोन केला, चूक कबूल केली. मग लायब्ररीत जाऊन जुन्या वर्तमानपत्रांच्या फाइली उपसल्या. बातमी सापडली, तारखेसकट. आता वाक्य टिकलंय.

बाबांना सांगितलं, तर म्हणाले, ‘‘मला आधीच विचारायचंस ना!’’